हाडाचं दुखणं आणि फोटोची पिशवी

लेकरू रात्री पाय दुखतो म्हणून उठतं, आपण तेल चोळतो, सकाळी ते खेळायला पळतं. तेवढ्यानं घाबरू नका. पण एकच जागा, गळ्याखालची हासळी, गुडघा किंवा घोट्याजवळचं हाड, आठवडेच्या आठवडे दुखत असेल, सुजत असेल, तर दवाखाना गाठा.

आपल्या समाजात सिकलसेल आहे, म्हणून ती तपासणी आधी. मग टीबी, हाडातला पू, रक्ताचा कॅन्सर. यातलं काहीच निघालं नाही, तर डॉक्टरांना 'सीएनओ'बद्दल विचारा. पूर्ण नाव क्रॉनिक नॉनबॅक्टेरियल ऑस्टिओमायलायटिस. आजार दुर्मीळ, बहुधा 7 ते 12 वर्षांच्या मुलांत, मुलींत जास्त. यात जंतू नसतात. अंगाची राखण करणारी यंत्रणाच विनाकारण पेटते आणि हाड सुजवते. म्हणून अँटिबायोटिकनं तो बरा होत नाही. वॉर्डात असताना अशाच एका मुलीला आम्ही कितीतरी दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक दिलं. या आजाराचं नाव तेव्हा आमच्या कानावरही नव्हतं.

1972 साली झुरिकच्या एका बाल-रेडिओलॉजिस्टनं हा आजार ओळखला, तो एक्स-रे पाहून. तरी सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. तेव्हा 'पोरगी शाळा चुकवायला ढोंग करते' असं म्हणू नका. एमआरआयमध्ये हाडाच्या आतली सूज पांढरी चमकते. संपूर्ण अंगाचा एमआरआय केला तर न दुखणाऱ्या जागाही सापडतात. मणक्यातली सूज वेळीच दिसणं फार महत्त्वाचं, कारण तिथला मणका दबून चपटा होऊ शकतो. कधी हाडाचा तुकडाही तपासावा लागतो. त्याला नाही म्हणू नका, कॅन्सर नाही याची खात्री त्यातून होते.

किनवटहून आधी नांदेडला विष्णुपुरीचं सरकारी मेडिकल कॉलेज. तिथून पुढे पाठवलं, तर मुंबईत परळचं वाडिया बाल रुग्णालय. नंदीग्राम एक्सप्रेस आपल्याच स्टेशनावरून जाते. खर्च योजनेत बसतो का, हे आरोग्यमित्राला आधीच विचारा.

एमआरआयमध्ये एक्स-रेसारखे किरण नसतात. मशीन मात्र ढोल बडवल्यागत वाजतं आणि बराच वेळ न हलता पडावं लागतं. लहान लेकराला झोपेचं औषध देतात, तेव्हा किती वेळ उपाशी ठेवायचं ते आदल्या दिवशीच विचारून घ्या. पैंजण, वाळे, करदोड्याला अडकवलेली सेफ्टी पिन घरीच काढा. पिन हमखास विसरते.

आणि जुने फोटो! घडी घालू नका, पत्र्याच्या गळतीखाली ठेवू नका. तारखेनुसार एका पिशवीत ठेवा, एमआरआयची सीडी मागून घ्या. मागच्या वर्षीची सूज आज कुठं आहे, हे डॉक्टर त्या पिशवीवरूनच ताडतात.