संत्र्याचा रस आणि चेहऱ्याचे सीरम



दिवाळीनंतर आपल्या भागात आंबिया बहाराची संत्री घरोघरी येतात. त्याच दिवसांत नववीतील एक मुलगी दोन्ही गाल लालभडक झालेले घेऊन आमच्या कक्षात आली. मोबाईलवर बघून तिने संत्र्याचा रस, लिंबू व खायचा सोडा कालवून 'व्हिटॅमिन सी सीरम' तयार केले होते आणि ते चेहऱ्याला लावून उन्हातून सायकलने शाळेत आली होती. आम्ही आधी रागावलो. मग वाटले, चूक झाली ती मोजमापाची, आणि मोजमाप शिकविणे तर आमचेच काम आहे. म्हणून हा पाठ.

सीरममध्ये जो पदार्थ खरे काम करतो त्याला क्रियाशील घटक म्हणतात. त्याचे प्रमाण टक्क्यांत सांगतात. १०० ग्रॅम संत्र्यात साधारण ३० ते ५० मिलीग्रॅम जीवनसत्त्व क असते. १० टक्क्यांच्या सीरममध्ये ते १०० मिलीलीटरला १० ग्रॅम, म्हणजे १०,००० मिलीग्रॅम असते. आता भागाकार करा. संत्र्याच्या निदान २०० पट! म्हणजे रसाने गालाला जीवनसत्त्व जवळजवळ मिळालेच नाही.

मिळाले ते आम्ल. त्वचेचा सामू साधारण ५, लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास. सामू एकने उतरला की आम्लता दहापट वाढते, तेव्हा तीनने उतरला तर किती, ते तुम्हीच सांगा. शिवाय लिंबाच्या सालीत असे काही पदार्थ असतात की ते त्वचेवर राहून ऊन लागले तर त्वचा भाजते व काळे डाग पडतात. ते डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.

कोणी म्हणेल, शुद्ध भुकटी आणू. सन २००१ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले की हे आम्ल त्वचेत शिरण्यासाठी द्रावणाचा सामू ३.५ पेक्षा कमी लागतो, आणि २० टक्क्यांच्या पुढे प्रमाण वाढवून लाभ नाही. घरच्या चमच्याने हे साधत नाही. त्यातून पाण्यात विरघळलेले हे जीवनसत्त्व हवेने पिवळे, मग तपकिरी होते व निकामी ठरते. (आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, म्हणून याला 'ऑक्सीकरण' म्हणतो, तुमच्या पुस्तकात 'ऑक्सिडीकरण' आहे. क्रिया एकच.)

क्रीमची गोष्ट वेगळी. क्रीम म्हणजे तेल व पाणी यांचे पायस. जेथे पाणी तेथे जंतू. कोरफड, दही, गुलाबपाणी घालून केलेले क्रीम चांगले दिसत असले तरी त्यात जंतू वाढलेले असू शकतात. फ्रिजमध्ये ठेवल्याने ते फक्त उशिरा खराब होते. म्हणून नवशिक्याने पाणी नसलेले मलम करावे. १० ग्रॅम मधमाशीचे मेण व ४० ग्रॅम तिळाचे तेल एका भांड्यात घेऊन ते भांडे गरम पाण्यात ठेवावे. मेण सुमारे ६३ अंशांवर वितळते. ढवळून कोरड्या डबीत ओतावे. खोबरेल थंडीत गोठते, म्हणून तीळ बरे. आधी कोपराच्या आतल्या बाजूस थोडे लावून दोन दिवस वाट पाहावी. फुटलेल्या ओठांना व टाचांना हे पुरेसे आहे. रंग मात्र उजळत नाही.

आणि रंग उजळण्याच्या हट्टापायीच मोठे नुकसान होते. सन २०२३ च्या सुरुवातीस अकोल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. एका घरातील आई व दोन मुलींचे मूत्रपिंड बिघडले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा कारण निघाले त्या वापरीत असलेले गोरेपणाचे क्रीम. त्यात पारा होता. क्रीममध्ये पाऱ्याची मर्यादा दहा लाख भागांत एक भाग, म्हणजे दहा क्विंटलमध्ये एक ग्रॅम, इतकी कडक आहे. पालकांनीही घरातील डब्या एकदा तपासाव्यात. ज्या डबीवर बनविणाऱ्याचे नाव, पत्ता, घटक व बॅच क्रमांक नाही, ती वापरू नये. लग्न जमविताना मुलीचा रंग विचारणाऱ्यांना काय सांगावे, हे आम्हाला अजून सुचलेले नाही.

त्या मुलीचा चेहरा आम्ही थंड पाण्याने धुवून घेतला व तिला दवाखान्यात पाठविले. आठवड्याने लाली गेली. डाव्या गालावरचा डाग अजून आहे. येत्या शनिवारी प्रयोगशाळेत मलम करण्याचे काम तीच दाखविणार आहे. मेण व तेल शाळेकडून मिळेल. डबी प्रत्येकाने घरून आणावी, धुतलेली व पूर्ण कोरडी.