रानपिंगळा आणि एक खोटी चिठ्ठी

पुण्यातील जुन्या वडाच्या किंवा आंब्याच्या ढोलीत राहणारा पिंगळा तुम्ही पाहिला असेल. निदान तिन्हीसांजेचा त्याचा कलकलाट तरी ऐकला असेल. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. त्याचा भाऊबंद रानपिंगळा. याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, चोच मोठी असते, पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले असतात. आणि घुबडाच्या कुळातला असूनही तो दिवसाढवळ्या शिकार करतो. भारताबाहेर तो कोठेही आढळत नाही.

१८७३ साली ह्यूम यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. (हेच ह्यूम पुढे काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक झाले.) १८८४ पर्यंत त्याचे अवघे सात नमुने जमले. त्यानंतर एकच नोंद होती : कर्नल माइनर्टझागेन यांच्या संग्रहातील एका नमुन्याची. त्याला बांधलेल्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातेतील मांडवी हे ठिकाण लिहिले होते. साहजिकच शोधणारे तिकडे गेले आणि रिकाम्या हाताने परतले.

प्रयोगशाळेत एखादे वाचन इतरांशी जुळेना झाले, तर आपण आधी उपकरण तपासतो. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी नेमके तेच केले. त्या नमुन्याची क्ष-किरणांनी तपासणी झाली. आतील भरण, शिवण यांची बारकाईने पाहणी झाली. तेव्हा कळले, की हा पक्षी डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला होता! ब्रिटिश म्युझियममधून तो चोरून, पुन्हा भरून, त्याला नवी चिठ्ठी बांधली होती. ही हकीकत १९९९ साली प्रसिद्ध झाली.

मांडवीचा नाद सोडून रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी खऱ्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणी गेले. आधीची ठिकाणे वाया गेली. शेवटी २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, खानदेशातच, शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी!

पुढे तो तोरणमाळ, मेळघाट, यावल आणि मध्य प्रदेशातही सापडला. २०१४ साली तर मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही. २०१८ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून 'संकटग्रस्त' वर्गात आणले. येथे घोटाळा करू नका. पक्षी वाढले असा याचा अर्थ नव्हे; ते अधिक ठिकाणी असल्याचे आपल्याला कळले, एवढेच. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज २५० ते ९९९ असा आहे, म्हणजे एखाद्या मोठ्या शाळेच्या पटाहूनही कमी. शिवाय ते सगळे एकत्र नाहीत. शेतांच्या समुद्रात सागाच्या जंगलाची बेटे उरावीत, तशी त्यांची वस्ती विखुरलेली आहे. घरट्याला ढोली लागते आणि ढोली होते जुन्या झाडात. नव्याने लावलेल्या सागाला ती होण्यास कित्येक वर्षे जावी लागतात.