कमाईविना विसावा: काय करावे, काय टाळावे

जालन्याजवळच्या बेथेलला हे नाव रेव्ह. नारायण शेषाद्रींमुळे मिळालं. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा ब्राह्मण तरुण 1860च्या दशकात निजामाच्या मुलखात कामाला आला. पुढे निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर शेषाद्रींनी नव्याने ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांची ही वस्ती उभी केली. नाव घेतलं उत्पत्तीच्या 28व्या अध्यायातून. तिथे भावाला फसवून पळालेला याकोब उशाला धोंडा घेऊन उघड्यावर झोपलाय, आणि देव त्याला वचन देतो ते झोपेत. ना उपास, ना प्रायश्चित्त. सकाळी उठल्यावर मात्र गडी लगेच सौद्यावर येतो: खायला दे, ल्यायला दे, सुखरूप घरी पोहोचव, मग तू माझा देव आणि दशमांश तुझा.

आपल्या मंडळ्यांमधली बरीचशी दमछाक या सकाळच्या सौद्यातली आहे. फुकट मिळालेलं हप्त्याने फेडत बसायची सवय जात नाही. ज्यांना त्यातून सुटायचंय त्यांच्यासाठी हे.

करावे: मत्तय 11:28 ते 30 वाचल्यावर तिथेच थांबू नये, 12वा अध्यायही लगेच वाचावा. थकल्याभागल्यांना विसाव्याचं बोलावणं देऊन झाल्यावर पुढच्याच प्रसंगात भुकेले शिष्य शब्बाथ दिवशी कणसं मोडून खातात आणि नियमवाले अंगावर येतात. येशू कोणतं ओझं उतरवायला सांगत होता ते या शेतात दिसतं. शेतातल्या कामाचं ओझं नव्हतंच ते. ‘देवाला पुरेसा आहे का मी?’ हे ओझं होतं.

टाळावे: उपासाचा नवस करणे. ‘लेंटचे चाळीस दिवस पाळले, तरी पोराला एमआयडीसीत काम लागलं नाही’ असं म्हणणाऱ्याने उपास केलेला नसतो, आगाऊ रक्कम भरलेली असते. उपास करावा, पण त्याची पावती मागू नये.

टाळावे: शेजाऱ्याला हसणे. अंगारकीला राजूरच्या गणपतीला पायी निघालेल्यांकडे बघून ‘बिचारे, अजून कर्मकांडात आहेत’ म्हणणारे आपले काही भाऊबंद रात्रभर जागून केलेल्या प्रार्थनेचे तास मात्र चारचौघांत मोजून सांगतात. तराजू तोच, माप तेवढं बदललंय.

करावे: पंडिता रमाबाईंची गोष्ट पुन्हा वाचावी, तीही शाळेतल्या धड्याच्या पुढची. अनंतशास्त्री डोंगऱ्यांचं हे कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थं करत, पुराणं सांगत देशभर हिंडलं. साठवलेला पैसा दानधर्मात गेला. 1874च्या सुमारास दुष्काळाने आई-वडील नेले, पाठोपाठ बहीण गेली. इतकं करूनही देव प्रसन्न झाला नाही, म्हणून उरलेल्या भावंडांचा या सगळ्यावरचा विश्वास उडाला. इथपर्यंत आपण आवडीने सांगतो, कारण यात आपल्याला काही टोचत नाही.

टोचणारा भाग पुढे आहे. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तरीही मन निवालं नाही. ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त हाती लागला नव्हता, अशी कबुली त्यांनी 1907च्या आपल्या साक्षीत दिली आहे. बाप्तिस्म्यानंतरची सुमारे आठ वर्षं या उणिवेत गेली. बाई विदुषी, मतं पक्की, वादात कोणाला हार न जाणारी. पण आपल्या लायकीवर काहीच अवलंबून नाही, आहे तसं यायचं, हे मान्य करायला त्यांनाही इतका वेळ लागला. म्हणजे माणूस चर्चबाहेर जसा थकतो, तसा चर्चच्या आतही थकतो. दुसरा थकवा ओळखायला अवघड, कारण त्याचं कौतुक होतं.

करावे: दिवसाची चूक नावानिशी कबूल करावी आणि विषय संपवावा. मठात असताना ल्यूथर तासन्‌तास पापांची उजळणी करत बसे. त्याचं ऐकणारा स्टाउपित्झ बिचारा कंटाळून जाई. क्षमा मागितल्यावरही तेच पाप रोज उकरत बसणं ही नम्रता नव्हे. क्षमा करणाऱ्यावर दाखवलेला तो अविश्वास आहे.

टाळावे: कापणीच्या सणाला इरेला पेटणे. उपासना संपते, वेदीपुढचा माल बाहेर मांडवात येतो. भोपळे, ज्वारीची कणसं, पाय बांधलेली कोंबडी, मोसंबीची पाटी. लिलाव पुकारणारा गमत्या असतो. बाजारात शंभराला मिळेल त्या मोसंबीची बोली हजारावर जाते, आणि बोलणाऱ्याची बायको मागून शर्ट ओढत असते. मजा आहे, ती राहू द्या. पण ‘गेल्या वर्षी एवढे दिले, यंदा कमी बोललो तर मंडळी काय म्हणेल’ म्हणून हात वर जात असेल, तर तो खाली घ्यावा. खुशीने द्यावं असं पौलाने करिंथकरांना लिहिलंय (दुसरं पत्र, 9:7). भिडेखातर दिलेलं त्यात बसत नाही.

टाळावे: दर वेळी त्याच चार बायकांना चहाच्या पातेल्याशी उभं करणे. सकाळी उपासना, मग संडे स्कूल, मग महिला मंडळ, संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना. पाळकसाहेब मरीया आणि मार्थेवर सुंदर बोलतात, तेव्हा मार्था स्वयंपाकघरात कप विसळत असते. लूकच्या 10व्या अध्यायात येशूने मार्थेला प्रेमाने समज दिली. आपण तिला कमिटीवर घेतो. पुरुषांनी कप विसळायला हरकत नाही, शास्त्रात मनाई सापडत नाही.

करावे: कोरडे दिवस आले की घाबरू नये. प्रार्थनेत मन लागत नाही, गाणी ओठांवरच राहतात, वाचलेलं आत उतरत नाही. आपल्याकडे मोसंबीच्या आंबे बहारासाठी झाडाला ताण देतात. पाणी तोडतात, झाड मलूल होतं, पानं गळतात. बागवान ते वाळलं म्हणून तोडायला निघत नाही, कारण पाणी सोडल्यावर फुटणारी फुलं त्याने पाहिलेली असतात. या दिवसांत प्रार्थना दुप्पट करू नये. छोटी करावी. एखादं स्तोत्र पुरे.

टाळावे: विसाव्याच्या नावाखाली हातावर हात धरून बसणे. थेस्सलनीकात काही जणांनी काम सोडून दिलं, तेव्हा पौलाने त्यांना चांगलंच सुनावलं. तो स्वतः तंबू शिवून पोट भरत होता. येशूनेही थकलेल्यांना जू दिलं, स्वतःचं. रमाबाईंचं पाहा: मन निवाल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. 1896–97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुलीबाया त्यांनी आणल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, आणि 1922 साली प्राण गेला तोवर त्या मराठी बायबलच्या भाषांतराला भिडलेल्या होत्या. फरक एवढाच की ही धावपळ देवाला पटवण्यासाठी नव्हती.

करावे: थकवा आजार आहे का हे आधी पाहावं. झोप उडाली, भूक मेली, जगावंसं वाटेना, हे आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल तर ‘विश्वास कमी पडला’ हे शब्द कोणीही उच्चारू नयेत, पाळकसाहेबांनी तर मुळीच नाही. 1 राजे 19मध्ये मरण मागणाऱ्या एलियाला देवाने उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. बोलणं नंतर. आज त्या भाकरीसोबत डॉक्टर येतो. टेली मानसचा 14416 हा क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. प्रार्थना करून फोन लावा, किंवा फोन लावून प्रार्थना करा.

करावे: रविवार सगळ्यांचा करावा. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी 10 जून 1890 रोजी मिळाली ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे, ती मालकांनी आपण होऊन दिलेली नव्हती. अनुवादाच्या 5व्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा देताना दास-दासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, असं कारण दिलंय, आणि यादीत बैल-गाढवंही आहेत. ज्याला सळईच्या कारखान्यात रविवारी पाळी लागते त्याचा नाइलाज असतो. त्याने बुधवार धरावा, देव हजेरीपट घेऊन बसलेला नाही. पण आपण कपड्यांना इस्त्री करून उपासनेला जायचं आणि धुणंभांडी करणाऱ्या ताईने मात्र रविवारी दोन घरं जास्त करायची, कारण पाहुणे आहेत, हे बंद करावं. तिला त्या दिवशी सुट्टी द्यावी, पगार न कापता.