रस्त्याकडेच्या जाळीत ओतलेलं ऑइल

प्रश्न : सोसायटीसमोरचं गॅरेज वापरलेलं ऑइल रस्त्याकडेच्या जाळीत ओततं. ‘पुढे शुद्ध होतं’, असं मालक सांगतात. काय करावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : शुद्ध होत नाही. शुद्धीकरण केंद्राकडे जाते ती सांडपाण्याची वाहिनी. रस्त्याकडेची जाळी बहुधा पावसाळी गटाराची असते. तिचं पाणी जसंच्या तसं ओढ्यात आणि पुढे मुळा-मुठेत पोचतं. तेलाचा पातळ तवंगही हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळू देत नाही, शिवाय वापरलेल्या ऑइलात जड धातू असतात. हे नदीच्या जिवावर उठणं आहे.

१९७४च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम २४ ओढा, विहीर, गटार किंवा जमिनीवर प्रदूषक द्रव्य जाणूनबुजून सोडायला मनाई करतं. २०१६च्या घातक कचरा नियमांनुसार असं ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावं लागतं. मालकांना हे आधी सांगून पाहा. सांडलेल्या ऑइलावर लाकडाचा भुसा टाकून तो वेगळा साठवायचा. साबणाने धुतलं, तर घाण त्याच जाळीत जाते.

तरीही थांबलं नाही, तर तारखेसह फोटो जोडून महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार द्या. प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवा आणि दोन्हीकडची पोच जपून ठेवा. पहिल्या पावसाआधीच द्या.