श्वासाचे अवलोकन

ध्यानास आरंभ केलेला गृहस्थ पुष्कळदा आठ-पंधरा दिवसांतच आसन गुंडाळून ठेवतो आणि म्हणतो, “माझे मन काही लागत नाही.” ही तक्रार जुनीच आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने मनोनिग्रह वाऱ्यास आवरण्याइतका कठीण म्हटला आहे. भगवंतांनी ते नाकारले नाही. अभ्यास व वैराग्य हे उपाय सांगितले. येथे अभ्यासापुरताच विचार करू.

इंदूरहून हातोदकडे येणाऱ्या रस्त्यावर, गोमटगिरीजवळ, ‘धम्म मालवा’ हे विपश्यना केंद्र आहे. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस साधकाने मौन पाळून नाकपुड्यांतून येणारा-जाणारा श्वास केवळ जाणावयाचा असतो. यास आनापान म्हणतात. सत्यनारायण गोएंका यांनी ही साधना ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्यापाशी शिकून १९६९ पासून भारतात शिकविली.

प्राणायामात पूरक, कुंभक, रेचक यांनी श्वासाचे नियमन होते. आनापानात तो जसा असेल तसा पाहावयाचा. त्यास नामही जोडावयाचे नाही. नाथपंथीय परंपरेत श्वासातच ‘सोऽहम्’ ऐकावयाचा असल्याने आपल्यापैकी काहींना हे चमत्कारिक वाटेल. दोन्ही वाटा आदरणीय आहेत. मात्र एका बैठकीत त्यांची सरमिसळ करू नये.

आलंबन म्हणून श्वासच का? तो आपोआप चालतो आणि इच्छेनेही आवरता येतो. क्रोधात त्याची गती वाढते, भयाने तो अडखळतो. म्हणजे मनाची वार्ता त्याच्याकडून त्वरित मिळते. श्वास घेताना नाडी किंचित जलद व सोडताना मंद होते, हेही शरीरशास्त्रास ज्ञात आहे.

आता त्या तक्रारीकडे वळू. आपण श्वास पाहत असतो आणि मन कधीच मुलीच्या लग्नात, शेताच्या बांधावर किंवा कालच्या भांडणात जाऊन पोहोचलेले असते. ते निसटल्याचे ज्या क्षणी ध्यानी येते, तेथेच अभ्यास घडतो. चुकार वासरास न मारता दाव्याशी आणावे, तसे त्यास पुन्हा श्वासाशी आणावे. एका बैठकीत पन्नास वेळा आणावे लागले, तर पन्नास वेळा अभ्यास झाला. स्वतःवर चिडणे मात्र टाळावे. चिडणे ही मनाची आणखी एक भटकंतीच होय.

प्रथम दहा मिनिटे पुरेत. सायंकाळी दिवेलागणीनंतर, जेवणापूर्वी. पाठ ताठ असावी, ताणलेली नसावी. गुडघे दुखत असल्यास खुर्चीवर बसावे. हृद्रोग्यांनी कुंभकाचे प्रयोग मनाने करू नयेत. आणि बसल्यावर अस्वस्थता वाढतच गेली, तर उठावे व जाणत्यास विचारावे.