वजनकाट्याला न दिसणारी वाढ

महिनाभर रोज चालूनही वजनकाटा जागचा हलत नाही आणि बूट पुन्हा कपाटात जातात. दवाखान्यात ही तक्रार नेहमीचीच. पण तेवढ्या दिवसांत मांडीच्या स्नायूत काय घडलं, हे बिचाऱ्या काट्याला कुठून कळणार?

स्नायूच्या प्रत्येक तंतूभोवती केशवाहिन्यांचं जाळं असतं. त्या इतक्या अरुंद की तांबड्या पेशींना अंग चोरून, एकामागोमाग एक जावं लागतं. प्राणवायू, साखर, इन्सुलिन सगळं तंतूपर्यंत पोचतं ते इथूनच. स्नायू कामाला लागला की मिटलेल्या केशवाहिन्या खुल्या होतात, हे डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांनी दाखवलं आणि 1920 चं नोबेल मिळवलं. त्यांच्या डॉक्टर पत्नी मारी यांना मधुमेह होता. 1922 मध्ये क्रोग टोरांटोला गेले, ते डेन्मार्कमध्ये इन्सुलिन बनवण्याची परवानगी घेऊनच परतले. केशवाहिन्या आणि साखर हे दोन्ही विषय असे एकाच घरात नांदत होते!

त्यांचं नातंही जवळचं आहे. इन्सुलिनच्या हुकमाने रक्तातली साखर सर्वांत जास्त उचलतात ते स्नायूच. लठ्ठपणात, त्यातही शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं असेल तर, स्नायूतलं हे जाळं बरेचदा विरळ आढळतं. माल आहे, पण गल्लीबोळ कमी.

हे बोळ नव्याने फुटू शकतात. आकुंचन पावणारा स्नायू व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो, रक्ताचा वाढलेला प्रवाह वाहिनीच्या भिंतीला चेतवतो आणि नवी केशवाहिनी उगवते. अँडरसन आणि हेन्रिकसन यांनी 1977 मध्ये माणसांच्या मांडीत हे मोजलं: 8 आठवडे सायकल चालवल्यावर केशवाहिन्यांची दाटी सुमारे 20 टक्क्यांनी वाढली. लठ्ठ माणसाचं काय? 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बैठं जीवन जगणाऱ्या लठ्ठ तरुणांच्या स्नायूंतही 4 आठवड्यांत वाढ दिसली. सायकल संथपणे सलग चालवा किंवा थोडा वेळ जोरात, फायदा सारखाच.

तेव्हा काट्याचं फार मनावर घेऊ नये. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं पुरे, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. खंड पडला की ही कमाई हळूहळू ओसरते. चालताना छातीत दुखत असेल किंवा पायावर जखम असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा आणि मगच वेग वाढवा.