आधी मोजणी, मग कुंपण



गावातली दाटी सोडून शेतातल्या आखाड्यावर घर बांधणारे आपल्यात आता बरेच झाले आहेत. घर झाले की कुंपण आलेच. ढोरं, रानडुकरं अन् चोर यांच्यापासून राखण पाहिजेच. परंतु डांब चुकीच्या जागी पडला तर राखण राहते बाजूला अन् शेजाऱ्याशी वैर पदरात पडते. म्हणून खड्डे घेण्याआधी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

1. सातबारा म्हणजे हद्द नव्हे. सातबारावर क्षेत्र कळते. धुरा नेमका कुठून जातो ते कळत नाही. ते मोजणीनेच कळते. त्यासाठी तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे अर्ज करून फी भरावी. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. तरी आपणही स्वतः जाऊन सांगावे. खुणा शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत झाल्या म्हणजे निम्मा वाद तिथेच मिटतो. मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत जपून ठेवावी.

2. दगड हलवू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 140 प्रमाणे हद्दीच्या खुणा राखण्याची जबाबदारी जमीनधारकाची आहे. खूण मोडणे किंवा काढणे कलम 145 प्रमाणे दंडास पात्र आहे. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे दगड अन् डांब दोन्ही कलतात. म्हणून खड्डा खोल घ्यावा, मुरूम जवळ असेल तर तिथपर्यंत न्यावा. डांब हद्दीच्या आतल्या बाजूस रोवावेत. झाडांचे कुंपण असेल तर आणखी आत घ्यावे, म्हणजे मुळ्या व सावली शेजाऱ्याच्या पिकाला बाधत नाहीत.

3. वाट बांधू नये. दुसऱ्याच्या बांधावरून जाण्याच्या हक्काचा निर्णय संहितेच्या कलम 143 प्रमाणे तहसीलदार देतात. चालू वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडेच दाद मागता येते. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेतरस्त्याची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घेण्याचा शासन निर्णय मे 2025 मध्ये निघाला आहे. तो रकाना वाचूनच फाटकाची जागा ठरवावी.

4. गावठाणातले घर. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जातात. ती मिळाली असेल तर प्रथम ती पाहावी. ग्रामपंचायत अधिनियम, 1958 प्रमाणे भिंत, ओटा, पायरी हीसुद्धा ‘इमारत’च. तेव्हा कलम 52 ची परवानगी आधी घ्यावी. रस्त्यावर आलेले अतिक्रमण कलम 53 प्रमाणे पंचायत काढू शकते.

5. तारेत वीज सोडू नये. रानडुकरांसाठी घरची किंवा मोटारीची लाईन तारेला जोडणे हा गुन्हा तर आहेच. पण पहाटे बारे देणारा आपलाच माणूस त्यात सापडतो. तो परत मिळत नाही.

आता थोडा हिशेब करू. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. 330 फूट लांबीच्या धुऱ्यावर कुंपण एक फूट पुढे सरकवले तर हाती येतात 330 चौरस फूट, म्हणजे गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. एकरी 40 टन ऊस धरला तर गुंठ्याला एक टन. तेव्हा या एका फुटापायी मिळतो सुमारे 300 किलो ऊस. उलट, त्या कुंपणाने वाट बंद झाली तर मागच्या गड्याचा एकरभर, म्हणजे 40 टन ऊस फडात अडकतो. तोडणीची टोळी कोणासाठी थांबत नाही. गाडी फडापर्यंत गेली नाही की टोळी पुढच्या फडात जाते, ऊस वाळतो अन् वजन घटते. पुढच्या हंगामात आपल्या उसाची वाट दुसऱ्या कोणाच्या बांधावरून असेल, हेही विसरू नये.

तरी सभासदांनी हंगामाच्या तोंडावर घाईने तार ओढू नये. मोजणीचा अर्ज अगोदर द्यावा, खुणा पक्क्या होऊ द्याव्यात, गाडीवाट सोडावी अन् मगच डांब रोवावेत.